डुगडुगमीमांसा

ज्या यंत्राचे कामच मुळी आवाज बिघडवणे हे आहे, ते यंत्र स्वतः बिघडले आहे हे ओळखायचे कसे? गिटारच्या पेडलांवर रात्र-रात्र खल चालतो, कोणत्या पेडलचा आवाज उबदार आणि कोणत्याचा कोरडा यावरून मैत्र्या तुटतात, पण या मूळ प्रश्नापाशी आले की भलेभले वादक वायरी गुंडाळू लागतात. म्हणून हा प्रबंध. जुन्या शास्त्रग्रंथांच्या शिरस्त्याप्रमाणे आरंभीच चार गोष्टी सांगून टाकतो. विषय : नुकतेच खोक्यातून काढलेले पेडलबोर्डाचे सामान आणि त्याची डुगडुग. प्रयोजन : परत करण्याची मुदत संपायच्या आत सत्य हाती लागणे. संबंध : ग्राहकाचा वस्तूशी, आणि वस्तू आल्यापासून घरच्यांशी. अधिकारी : ज्याने पैसे भरले तो. मित्राचे पेडल उसने आणणाऱ्याला दोष काढण्याचा अधिकार नाही. त्याने वाजवावे आणि वेळेत परत करावे.

या शास्त्रात नवख्या असलेल्यांसाठी थोडे वर्णन. पेडल म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जमिनीवर ठेवायची, बहुधा ओतीव अॅल्युमिनियमची डबी. सर्वांत रुळलेल्या आकारातली डबी साधारण ११ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद असते. वर दोन-तीन नॉब, एक दिवा, एक फूटस्विच. अशा पाच-दहा डब्या तिरक्या पाटावर वेल्क्रोने चिकटवल्या, आखूड पॅच केबलींनी एकमेकींना जोडल्या आणि सगळ्यांना ९ व्होल्ट पुरवले की पेडलबोर्ड झाला. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ही सगळी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स पायाने, तीही बहुतेकदा बुटासकट, चालवायची असते. पुढच्या सगळ्या दुःखाचे बीज इथे आहे.

आता वंशावळ. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनेल बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन यांनी वाजवलेला बेसचा तुकडा फाटक्या, घोगऱ्या आवाजात मुद्रित झाला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ साली गाणे बाजारात आले आणि लोकांना नेमका तोच तुकडा लक्षात राहिला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून हवा तेव्हा घडवून आणणारे सर्किट बसवले, ते गिब्सन कंपनीकडे गेले, आणि १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाने दाबायची पेटी विक्रीला आली. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्स यांनी ती दाबली आणि तिचे नशीब उघडले. तात्पर्य, या कुळाचा मूळ पुरुष हा वेळेवर दुरुस्त न केलेला एक बिघाड आहे. ज्या घराण्याची सुरुवातच अशी, त्याच्या वंशजांविषयी तक्रार घेऊन जाणाऱ्याने कोणत्या तोंडाने जावे?

पूर्वपक्ष नेमका हाच मुद्दा धरतो. त्याचे म्हणणे असे : जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे फझ पेडल खोली तापली की वेगळे वाजते, आणि लोक त्याला स्वभाव म्हणतात. डिजिटल डिले पेडलांवर झिजलेल्या टेपचा हेलकावा आणण्यासाठी खास नॉब असतो. काही पेडलांवर तर मरायला टेकलेल्या बॅटरीचा आवाज काढण्याची सोय असते, म्हणजे व्होल्टेज असूनही उपाशी राहण्याची. फेंडर कंपनीने १९९५ पासून ‘रेलिक’ या नावाखाली कारखान्यातच ओरखडे काढलेली, रंग उडवलेली नवी गिटारे विकायला काढली, आणि ती साध्या नव्या गिटारांहून महाग असतात. असे असता, नव्या पेडलमधून खरखर आली तर तो दोष कशावरून? तीही एक सुविधाच, फक्त तिचा नॉब बाहेर काढायचा राहिला. ग्राहकसेवा नावाच्या दर्शनाचा संपूर्ण डोलारा या पूर्वपक्षावर उभा आहे. ‘हे या मॉडेलचे नेहमीचे वागणे आहे’ असे उत्तर ज्यांना आले असेल, त्यांना आपण एका प्राचीन वादात ओढले गेलो आहोत याची कल्पना नसते.

उत्तरपक्ष मांडण्याआधी प्रमाणे तपासू. न्यायदर्शन चार प्रमाणे मानते. त्यातले कानाचे प्रत्यक्ष वरील कारणांनी बाद झाले. उपमान, म्हणजे मित्राच्या पेडलशी तुलना, हेही निरुपयोगी. मित्राचे पेडल त्याच कारखान्यातून त्याच महिन्यात आलेले असते. शब्दप्रमाण म्हणजे खोक्यात आलेले घडीचे पत्रक. त्यात अनेक भाषांत एवढेच सांगितलेले असते की यंत्र पाण्यात बुडवू नये. अनुमानासाठी धुरावरून अग्नी हे नैयायिकांचे लाडके उदाहरण आहे, परंतु पेडलमधून धूर दिसू लागल्यावर अनुमानाला फारसे काम उरत नाही.

म्हणून सिद्धांत असा : पेडलच्या दोषाचे एकमेव निर्विवाद प्रमाण म्हणजे अंगठा. नॉबवर अंगठा ठेवून तो आडवा ढकलावा. फिरवायचा नाही, ढकलायचा. जॅकमध्ये पिन घालून ती चारही दिशांना हळूच हलवावी. फूटस्विचची मान धरावी. जे डुगडुगते ते सदोष. आवाजाबद्दल वाद घालता येतो, अभिरुची काढता येते, जुन्या कलावंतांचे दाखले देता येतात. डुगडुगीबद्दल काहीही करता येत नाही. ती दुकानदाराच्या अंगठ्यालाही तितकीच कळते.

डुगडुगीला एवढा मान का, हे सांगायचे तर डबी उघडावी लागेल. जुन्या बनावटीत जॅक, नॉबखालचे पॉट आणि स्विच डबीच्या भिंतीला नटाने आवळलेले असत आणि तिथून सर्किट बोर्डापर्यंत वायरी सोडलेल्या असत. पाय पडला तर धक्का भिंत खाई; वायर नुसती हले. पण वायरी जोडणे हे हातकाम, आणि हातकाम महाग. आता पुष्कळ पेडलांत पॉट, जॅक, प्रसंगी फूटस्विचसुद्धा थेट सर्किट बोर्डावर सोल्डर करतात आणि तो अख्खा बोर्ड याच सुट्या भागांच्या नटांवर डबीत तोलून धरलेला असतो. ही रचना वाईट नाही, हे बजावून सांगतो. नट घट्ट असेपर्यंत ती उत्तम चालते, आणि यंत्राने जोडल्यामुळे एकसारखी होते. अडचण नट सैल झाला की सुरू होते. मग केबलला बसलेला प्रत्येक हिसका आणि बुटाचा प्रत्येक दाब भिंतीऐवजी सोल्डरच्या ठिपक्यावर जातो. तो ठिपका वीज वाहण्यासाठी होता, वजन वाहण्यासाठी नव्हे. काही दिवसांनी पिनेभोवती केसाएवढी गोल चीर पडते, आणि त्यानंतर जी खरखर येते तिच्याबद्दल पूर्वपक्षाचे पत्र येते.

इथे कोणी म्हणेल, डोळ्यांनी पाहावे. पूर्वी पाहता येत असे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि थंड झाल्यावर आरशासारखे लखलखते. ज्या ठिपक्यावर मळकट छटा, तिथे आपले कारागीर ज्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात ते असणार, हा ठोकताळा होता. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघात विकायच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक सामानात शिशावर बंदी आली, आणि जगाला विकणाऱ्या कारखान्यांनी कथील-चांदी-तांब्याचे सोल्डर धरले. ते २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते, जास्त तापवावे लागते, आणि चांगला जोडही निस्तेज, दाणेदार दिसतो. शिसे गेले ते चांगलेच झाले, पण त्याबरोबर डोळ्यांचे प्रमाणपत्रही गेले. अंगठ्याची बाजू आणखी बळकट झाली.

यानंतर नटाभावप्रकरण. नैयायिक घटाभावाचा विचार करताना अभावाचे चार प्रकार सांगतात, आणि पेडलबोर्डाचे खोके उघडणाऱ्याला चारही लागतात. कारखान्यात नट लावलाच गेला नाही, पुढेमागे लावला जाईल या आशेवर माल निघाला, तो प्रागभाव. लावला होता, पण वाटेत कुरियरच्या हाताळणीत निघून पडला, तो प्रध्वंसाभाव. याची खूण सोपी : खोके कानाशी हलवले की आत खुळखुळते. खुळखुळ ऐकू आल्यास वीज जोडू नये, कारण सुटलेला नट सर्किटवर कुठे आडवा पडून काय काय जोडील याचा नेम नाही. नट आहे, पण तो या आट्यांचा नाही, कोणीतरी जोर लावून वाकडा बसवला आहे, तो अन्योन्याभाव. हा सर्वांत घातकी, कारण दिसायला सगळे जागच्या जागी असते आणि काढायला गेले की आटे जातात. आणि अत्यंताभाव म्हणजे वायसर. आतल्या बाजूला दातेरी वायसर असावे असे सगळे मानतात, त्याने भाग फिरत नाही हेही सगळ्यांना पटते, पण स्वस्त पेडलात ते भूत, भविष्य आणि वर्तमान या तिन्ही काळांत नसते.

एकच डबी डुगडुगत असेल तर प्रश्न सुटतो. बोर्डाचे गणित वेगळे आहे. आठ पेडलांच्या बोर्डावर आवाजाची १६ आणि विजेची ८ अशी २४ भोके असतात. प्रत्येक भोक ९९ टक्के भरवशाचे आहे असे उदारपणे धरले, तर चोवीसही एकाच वेळी धड असण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के येते. म्हणजे पाचांतला एक बोर्ड जन्मतःच कुठेतरी लूज. यात पॅच केबलींच्या पिना मोजलेल्याच नाहीत. ही ६.३५ मिलिमीटरची पिन १९व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली आहे. तिथे ती ऑपरेटरने दिवसभर घालण्या-काढण्यासाठी होती. आजच्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या पिनांच्या टोकाचा घाट किंचित वेगळा असतो, आणि एकाची पिन दुसऱ्याच्या जॅकमधल्या पातळ पट्टीला कधी नीट कवेत बसते, कधी नुसती टेकते. दोघेही नवे, दोघेही आपापल्या जागी निर्दोष, आणि एकत्र आले की खरखर. अशी स्थळे जुळवून देणाऱ्याने दोष कोणाच्या पदरात घालावा?

शोधण्याची रीत मात्र आहे. साखळी मधोमध तोडावी : गिटार थेट पाचव्या पेडलला लावावी. खरखर गेली तर दोष पहिल्या चारांत, राहिली तर पुढच्या चारांत. पुन्हा निम्मे करावे. आठ पेडलांत तीन पायऱ्यांत गुन्हेगार सापडतो. वादक हे करीत नाहीत. ते सगळ्या पेडलांवर एकेक लाथ मारून पाहतात, ज्याने कधी तीन गुन्हेगार नव्याने तयार होतात. शिवाय लूज कॉन्टॅक्टला साक्षीदारांची लाज वाटते. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत. तिथल्या एका दुरुस्तीवाल्या काकांशी झालेला संवाद या बाबतीत सूत्रवाङ्मयाच्या तोडीचा आहे.

“काका, इथे खरखर येते.”

काकांनी पिन घातली, हलवली, ठोकली. “चालतंय की.”

“घरी येते हो.”

“मग घरी घेऊन जा.”

विजेच्या बाजूने येणाऱ्या दोषांचे स्वतंत्र शास्त्र आहे. इथे दोनच गोष्टी. पेडलला ९ व्होल्ट लागतात आणि मधली पिन बहुधा ऋण असते. घरात पडलेला वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मधे धन असतो, आणि दुर्दैवाने तो त्याच भोकात अगदी छान बसतो. सगळ्या बोर्डावर हा एकच जोड डुगडुगत नाही! दुसरी गोष्ट, नव्या पॉवर सप्लायवर छापलेले ‘आयसोलेटेड’. खरोखर आयसोलेटेड असेल तर प्रत्येक भोकाचे ऋण टोक दुसऱ्यापासून तुटलेले असते. साधा मल्टिमीटर घ्यावा, सप्लायची वीज बंद करावी, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन भोकांच्या ऋण टोकांना टोचून पाहावे. बीप वाजला तर छापलेला शब्द हा अलंकार समजावा आणि माल परत पाठवावा.

अशा सप्लायमुळे जी घूं येते तिच्याबद्दल एक विषयांतर, विद्वत्तेसाठी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून मूळ घूं पाश्चात्त्य ‘जी’ स्वराच्या सुमारे ३५ सेंट वर लागते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून तिथली घूं ‘बी फ्लॅट’ आणि ‘बी’ यांच्या जवळजवळ बरोबर मध्ये पडते, म्हणजे ती कोणत्याच पट्टीत सुरात नाही. भारतीय वादकाला निदान गिटार थोडी चढी लावून घूंशी जुळवून घेण्याचा मार्ग मोकळा आहे. हा मार्ग कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही, पण सैद्धांतिक शक्यता नोंदवून ठेवणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

आता खुद्द पाट. नवा बोर्ड फरशीवर ठेवला, डाव्या कोपऱ्यावर पाय दिला आणि उजवा कोपरा वर आला, तर दोषी कोण, बोर्ड की फरशी? तीन बिंदूंतून एक प्रतल जाते, चौथा पाय हा नेहमीच उपरा. गणितात सिद्ध झालेले आहे की चारही पाय एका पातळीत असलेले टेबल, जमीन फार उंचसखल नसेल तर, जागच्या जागी फिरवत गेल्यास कुठेतरी स्थिर होतेच. याचा उलटा उपयोग आमचा. बोर्ड सावकाश गोल फिरवावा. कुठेतरी डुगडुग थांबली तर खोट फरशीत आहे, घरमालकाशी बोलावे. कोणत्याही दिशेला थांबली नाही तर अॅल्युमिनियमच्या चौकटीलाच पीळ आहे. हा प्रयोग रात्री करू नये. अंधारात बोर्ड घेऊन स्वतःभोवती फिरणाऱ्या माणसाबद्दल शेजारी जे अनुमान काढतात ते सहसा चुकीचे असते, पण टिकते.

वेल्क्रोचे प्रकरण आटोपते घेतो. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या केसांत अडकलेली गोखरे पाहून ते सुचले हे सर्वांना ठाऊक आहे. ते सुटते तेव्हा हूक सुटत नाहीत, मागचा गोंद सुटतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर तो पेडलसकट उतारावर चालू लागतो. रबरी तळावर तो मुळातच धरत नाही, आणि रबर सोलले की त्याखाली सीरियल नंबर असतो आणि वॉरंटी जाते.

वॉरंटीवरून कायद्याकडे येऊ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची व्याख्या करताना मालाचा दर्जा, प्रमाण, सामर्थ्य, शुद्धता आणि मानक यांतली कोणतीही उणीव धरलेली आहे. फझ पेडलच्या शुद्धतेविषयी जिल्हा आयोगापुढे युक्तिवाद कसा करावा हे आम्हाला सुचलेले नाही. वकिलाने आवाज वाजवून दाखवला तर आयोग सगळीच पेडले सदोष ठरवील. म्हणून तक्रारीत ‘टोन’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘जॅक हलतो’ असे लिहावे, हलतानाचा व्हिडिओ जोडावा, खोके माळ्यावर जपावे आणि डबी उघडण्याआधी दुकानदाराला विचारावे. परदेशातल्या लहान कारागिराकडून मागवलेल्या मालाला हे सगळे लागू पडत नाही. परत पाठवण्याचा खर्च आणि कस्टम्सची झंझट पाहता तिथे पाना हाच कायदा. काही माल तर उघडूनही उपयोग नसतो : १९९४ मध्ये आलेल्या, आणि आता सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या, क्लॉन सेंटॉर या पेडलचे सर्किट कोणी नक्कल करू नये म्हणून इपॉक्सीत गाडलेले होते. तिथे दुरुस्ती म्हणजे उत्खनन.

मुदतीचा सदुपयोग करायचा तर पहिल्या आठवड्यात पेडलचे लाड करू नयेत, हे आमचे ठाम मत. विश्वसनीयतेच्या अभ्यासात ज्याला बाथटब कर्व्ह म्हणतात तो आलेख हेच सांगतो : बिघाडाचे प्रमाण सुरुवातीला जास्त, मग बराच काळ कमी, आणि म्हातारपणी पुन्हा वाढते. जे मरायचे ते लवकर मरते. म्हणून पेडल कपाटात ठेवून कौतुकाने पाहत बसणारा ग्राहक कारखान्याला फार आवडतो. पेडल तासन्‌तास चालू ठेवावे, स्विच मनसोक्त दाबावा, प्रत्येक जॅकमध्ये घरातली प्रत्येक केबल घालून पाहावी. मुदतीच्या आत मेले तर बरे.

न मेलेल्यांसाठी पाने. पॉटच्या नटाला बहुधा १० मिलिमीटरचा, फूटस्विचला १४चा आणि जॅकला अर्ध्या इंचाचा लागतो. एकाच डबीवर दोन मापनपद्धती नांदतात, त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. पक्कड वापरू नये, रंगाला ओरखडे पडतात आणि मग ते रेलिक आहे असे सांगत फिरावे लागते. नट आवळताना आतला भाग बोटाने धरावा, नाहीतर तोही बरोबर फिरून आतल्या वायरी तोडतो. घट्ट म्हणजे चिमटीच्या जोरापुढे पाव फेरा, अधिक नाही.

आवळलेला नट पुन्हा सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर मिळते. लाल कायमचे असते, निळे पान्याने सुटते. घ्यायचेच तर निळे. पण जॅक प्लॅस्टिकचा असेल तर तेही नको, काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात. तिथे जुने कारागीर नट आणि आट्याच्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका देतात. तो रंगवलेल्या डबीवर सांडू देऊ नये. छटेबद्दल मतभेद आहेत. आमचे मत गडद लालच्या बाजूने, कारण नट हलला की ठिपक्याला पडलेली चीर लांबून दिसते, आणि पारदर्शक घेतले तर ती दिसत नाही. बाटली कोणाची आहे हे मात्र आधी विचारून घ्यावे.